चढण, तार आणि तेल : भारतीय रेल्वेच्या इंजिनांची ओळख

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की प्रवाशांचे लक्ष फलाटावरच्या गरम वड्यांकडे असते. गाडी ज्यासाठी थांबलेली असते ते काम मात्र शेवटच्या डब्यामागे चाललेले असते. तिथे जोडीने किंवा तिघांच्या गटाने इंजिने हळूच मागे येऊन टेकतात, कपलिंग बसते, ब्रेकच्या हवेच्या नळ्या जोडल्या जातात आणि दाब नीट चढला आहे ना हे पाहिले जाते. मग पुढचे इंजिन ओढू लागते, मागची इंजिने ढकलू लागतात आणि गाडी बोरघाट चढायला लागते. मागून रेटा देणाऱ्या या इंजिनांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात. कसारा ते इगतपुरी या थळघाटातही हेच चालते.

या सगळ्याच्या मुळाशी एकच आकडा आहे, एकास सदतीस. सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. मोटारीला ही चढण जाणवतही नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरवणाऱ्या वाहनासाठी ती फार मोठी आहे. सपाटीवर सावकाश चालणाऱ्या गाडीला दर टनामागे दोन-तीन किलो ओढ पुरते. एकास सदतीसच्या चढणीवर गुरुत्वाकर्षणच दर टनाला सत्तावीस किलोने मागे खेचते. म्हणजे हजार टनांच्या गाडीला नुसते धरून ठेवायलाच सत्तावीस टनांचा जोर हवा. एकशेवीस टनांच्या इंजिनाची चाके कोरड्या रुळावर साधारण त्याच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढी, म्हणजे तीस टनांची पकड घेतात. त्यातून इंजिनाला स्वतःचे वजनही वर न्यायचे असते. पावसाळ्यात रूळ ओला झाला की हिशेब तुटतो आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. चाकांपुढे वाळू सोडायची व्यवस्था प्रत्येक इंजिनात असते ती यासाठीच.

हा हिशेब सुरुवातीलाच मांडायचे कारण असे, की रेल्वे इंजिनांवरचे बरेचसे लेखन अश्वशक्ती आणि कमाल वेग यांच्या कोष्टकांत अडकून पडते. कोष्टके लागतातच, पुढच्या प्रकरणांत तीही आहेत. पण कोष्टक वाचून असा समज होतो की इंजिनांचा इतिहास म्हणजे एक शिडी आहे आणि प्रत्येक नवे इंजिन जुन्याच्या वरच्या पायरीवर उभे आहे. मला तसे वाटत नाही. प्रत्येक वर्ग कुठल्या तरी नेमक्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे. ती अडचण कधी घाटाची असते, कधी तारेतल्या विजेच्या जातीची, कधी आयात तेलाची, तर कधी तंत्र विकायला कोण तयार आहे आणि कोण नाही याची. अडचण कळली की इंजिनाची लांबी, चाकांची मांडणी, आवाज, अगदी चालकाच्या खिडकीची जागासुद्धा उलगडत जाते.

वाचकाने आधी अक्षरांची खूण समजून घ्यावी. इंजिनाच्या अंगावर रंगवलेली ही अक्षरे एकदा लावता आली की स्थानकावर उभे राहून निम्मे पुस्तक वाचता येते. पहिले अक्षर रुळांच्या रुंदीचे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड आणि एन म्हणजे नॅरोगेजचे दोन प्रकार. त्यानंतर शक्तीचा उगम: डी म्हणजे डिझेल, सी म्हणजे डीसी वीज, ए म्हणजे एसी वीज आणि सीए म्हणजे दोन्हींवर चालणारे. मग कामाचे अक्षर येते. एम म्हणजे मिश्र काम, पी प्रवासी गाड्यांसाठी, जी मालगाड्यांसाठी, एस यार्डातल्या शंटिंगसाठी. म्हणून डब्ल्यूएपी-७ म्हणजे ब्रॉडगेजवरचे, एसी विजेवरचे, प्रवासी गाड्यांचे सातव्या वर्गाचे इंजिन. डिझेलच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ पुढे बदलला. डब्ल्यूडीएम-३ए मधला ३ हजार अश्वशक्तीचा आकडा सांगतो आणि ‘ए’ त्यावरची शंभर, म्हणून ३१००. विजेच्या इंजिनांना हा नियम लागू नाही. डब्ल्यूएजी-९ ची शक्ती नऊ हजार नसून सहा हजारांच्या थोडी वर आहे. नवशिक्या रेल्वेप्रेमींचा गोंधळ बहुधा इथेच होतो.

भारतात विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर धावली. तारेत १५०० व्होल्टची डीसी वीज होती. ती लोकल गाडी होती, तिला वेगळे इंजिन नव्हते. पण त्या काळच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेपुढचा खरा प्रश्न शहरातला नव्हताच, तो घाटांचा होता. वाफेची इंजिने घाटात पाणी आणि कोळसा पीत, बोगद्यांत धूर कोंडे आणि चढणीवर गाड्यांचा वेग इतका पडे की मागच्या गाड्या खोळंबत. म्हणून १९२९-३० च्या सुमारास तार एकीकडे पुण्यापर्यंत आणि दुसरीकडे इगतपुरीपर्यंत गेली. देशातल्या विद्युतीकरणाची पहिली मोठी झेप सह्याद्रीच्या दोन घाटांसाठी होती, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाला मुद्दाम सांगावीशी वाटते.

या घाटांसाठी मालगाड्यांचे जे इंजिन आले ते पुढे डब्ल्यूसीजी-१ म्हणून ओळखले गेले. त्याची पहिली काही इंजिने स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या कारखान्यात बनली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत, एकूण एक्केचाळीस. आल्प्सच्या घाटांत धावणाऱ्या स्विस ‘क्रोकोडाइल’ इंजिनांशी याचे जवळचे नाते आहे. मध्ये उंच खोली आणि दोन्ही बाजूंना लांब, बुटकी नाके. त्या नाकांखालच्या मोटारी चाकांना थेट दातऱ्यांनी जोडलेल्या नव्हत्या. मोटारीपासून एका मधल्या आसाला गती मिळे आणि तिथून वाफेच्या इंजिनाला असतात तशा आडव्या दांड्या तिन्ही चाकांना एकत्र फिरवत. यामुळे एकटेच चाक घसरण्याची भीती कमी होई, कारण तिन्ही एकमेकांना बांधलेली. इंजिनाचे शरीरही सांध्यांवर वळणारे, म्हणून घाटातल्या तीव्र वळणांवर ते सहज वाकून जाई. रेल्वेच्या लोकांनी या इंजिनाला ‘खेकडा’ हे नाव दिले. उभे असताना त्यातून येणारा विचित्र घुमण्याचा आवाज आणि चालताना दांड्यांचा सळसळाट ज्यांनी ऐकला आहे त्यांच्या कानात तो अजून आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आलेली ही इंजिने साठ वर्षांहून अधिक काळ कामावर राहिली. कुठल्याही यंत्राच्या आयुष्यात हा पल्ला मोठा आहे, आणि घाटात रोज राबणाऱ्या यंत्राच्या आयुष्यात तर फारच मोठा.

त्याच काळात प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूसीपी-१ आले. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनच्या सुरुवातीच्या काळाशी हेच इंजिन जोडलेले आहे. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडहून डब्ल्यूसीएम वर्गाची इंजिने आली आणि मग एक महत्त्वाचा टप्पा आला. पश्चिम बंगालमधला चित्तरंजनचा कारखाना १९५० पासून वाफेची इंजिने बांधत होता. तिथे तयार झालेले विजेचे पहिले इंजिन १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडले. त्याचा वर्ग होता डब्ल्यूसीएम-५ आणि नाव होते ‘लोकमान्य’. बंगालच्या कारखान्यात बनलेले, टिळकांचे नाव ल्यालेले हे इंजिन त्या वेळी डीसी तारेच्या मुंबई-पुण्याच्या मुलखातच चालू शकले असते, हा मला मोठा समर्पक योग वाटतो.

पण लोकमान्य बाहेर पडले तोवर डीसीचे भवितव्य ठरून गेले होते. त्याचे कारण समजायला पुन्हा थोडा हिशेब करू. पाच हजार अश्वशक्ती म्हणजे साधारण ३,७०० किलोवॉट. १५०० व्होल्टच्या तारेतून एवढी शक्ती घ्यायची तर जवळजवळ अडीच हजार अँपिअर प्रवाह लागतो. २५,००० व्होल्टला तीच शक्ती दीडशे अँपिअरमध्ये मिळते. प्रवाह जितका मोठा तितकी तार जाड, वाटेतली गळती जास्त आणि वीज पुरवणारी उपकेंद्रे तितकी जवळजवळ उभारावी लागतात. डीसीत ती दर काही किलोमीटरांवर लागत, २५ हजार व्होल्टच्या एसीत ती कितीतरी दूर ठेवता येतात. फ्रान्सने १९५० च्या दशकात ही पद्धत रुळावर यशस्वी करून दाखवली होती. भारताने १९५७ मध्ये फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने पुढचे सारे विद्युतीकरण २५ हजार व्होल्ट एसीवर करायचे ठरवले. या निर्णयाची स्तुती पुरेशी झालेली नाही असे माझे स्पष्ट मत आहे. हातात चालती डीसी व्यवस्था असताना, ती जाणणारे कामगार आणि अभियंते असताना, देशभरासाठी नवी पद्धत स्वीकारणे सोपे नव्हते. आज देशभर सलग पसरलेले तारेचे जाळे त्या एका निर्णयावर उभे आहे.

त्याची किंमत इंजिनाच्या पोटात मोजावी लागली. तेव्हाच्या मोटारी डीसीवरच चालत, म्हणून एसी इंजिनाला स्वतःसोबत मोठा ट्रान्सफॉर्मर आणि एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर वागवावा लागे. १९५९ पासून युरोपातून आलेल्या डब्ल्यूएएम-१ इंजिनांत हे काम पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या नळ्या करत. त्या नाजूक असत आणि आपल्या उन्हाळ्यात त्यांची निगा राखणे हे शेडमधल्या कामगारांचे रोजचे दुखणे होते. सिलिकॉनचे रेक्टिफायर आले तेव्हाच एसी इंजिन भारतात खऱ्या अर्थाने रुळले.

आता दोन विजांच्या शिवेकडे येऊ. पश्चिम रेल्वेवर ही शीव विरारच्या पुढे होती, मध्य रेल्वेवर इगतपुरीला. इगतपुरीला प्रत्येक लांब पल्ल्याची गाडी थांबायची. डीसी इंजिन सुटून बाजूला व्हायचे, एसी इंजिन मागे येत येत लागायचे, धक्का बसला की डब्यातली झोपलेली माणसे जागी व्हायची. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना इंजिनांची गोडी इथेच लागली, कारण एकाच फलाटावर दोन पूर्ण वेगळ्या जातींची इंजिने शेजारी शेजारी बघायला मिळत. हा खोळंबा टाळण्यासाठी दोन्ही विजांवर चालणारी इंजिने बांधली गेली. १९७० च्या दशकातले डब्ल्यूसीएएम-१ पश्चिम रेल्वेसाठी होते आणि वलसाडच्या शेडमध्ये राहायचे, पण डीसी तारेखाली त्याची ताकद बरीच घटत असे. १९९० च्या दशकात भेलने बांधलेले डब्ल्यूसीएएम-३ मात्र डीसीवर साधारण ४,६०० आणि एसीवर ५,००० अश्वशक्ती देई. दोन्ही विजांखाली जवळजवळ सारखे बळ! मुंबई-पुणे मार्गावरच्या प्रवाशांनी हे इंजिन वर्षानुवर्षे पाहिले, पण त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. मुंबईतली डीसी वीज टप्प्याटप्प्याने गेली: पश्चिम रेल्वेवरून २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून २०१५ मध्ये, आणि जिथे ती सुरू झाली त्या हार्बर मार्गावरून एप्रिल २०१६ मध्ये. दोन विजांची इंजिने त्या दिवसापासून एकाच विजेची राहिली.

डिझेलचा इतिहास वेगळ्या वळणाचा आहे. इथे तारेचा प्रश्न नाही, कारण इंजिन स्वतःच वीजघर आहे. डिझेल यंत्र जनित्र फिरवते, जनित्राची वीज चाकांवरच्या मोटारींना जाते. ‘डिझेल इंजिन’ हेही या अर्थाने विजेवरच चालते. १९५७-५८ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीची शंभर इंजिने आली, ती डब्ल्यूडीएम-१. पूर्व भारतात नव्या पोलाद कारखान्यांसाठी खनिज आणि कोळसा वाहायला वाफ अपुरी पडत होती, त्यासाठी ती आणली गेली. त्यानंतर १९६२ मध्ये दोन स्पर्धक एकाच वेळी देशात उतरले. अल्कोचे २,६०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२ आणि जनरल मोटर्सचे डब्ल्यूडीएम-४. दोन्ही उत्तम. हावडा-दिल्ली मार्गावरची पहिली राजधानी एक्स्प्रेस मार्च १९६९ मध्ये सुरू झाली ती डब्ल्यूडीएम-४ च्या बळावर. पण पिढ्यान्‌पिढ्या चालणारा वंश डब्ल्यूडीएम-२ चा ठरला, कारण अल्कोने बांधणीचे तंत्र भारताच्या हाती दिले. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून जानेवारी १९६४ मध्ये पहिले इंजिन बाहेर पडले. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले.

यानंतरची गोष्ट इंजिनांच्या जगात दुर्मीळ आहे. १९६९ मध्ये अल्कोने इंजिने बांधणे थांबवले. जन्मदाती कंपनी संपली, पण वाराणसीत तिचे इंजिन बनत राहिले, सुधारत राहिले. २,६०० चे ३,१०० झाले, मग ३,३००. डीसी जनित्राच्या जागी अल्टरनेटर आला, इंधन कमी लागू लागले, मालगाड्यांसाठी डब्ल्यूडीजी-३ए निघाले. अमेरिकेत संग्रहालयात जमा झालेली रचना गंगेकाठी आणखी चार दशके जिवंत राहिली आणि तिथून बांगलादेश, श्रीलंका, व्हिएतनाम, टांझानियापर्यंत पोहोचली. परदेशी तंत्र घेणे आणि ते आपलेसे करणे यातला फरक पाहायचा असेल तर मी डब्ल्यूडीएम-२ कडे बोट दाखवीन. भारतीय रेल्वेच्या सर्व इंजिनांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच.

या इंजिनाकडे जवळून पाहू. उभे असताना त्याचे सोळा सिलिंडरांचे चार-स्ट्रोक यंत्र एका लयीत अडखळत धडधडते. फलाटावर हाताला, पायाला ती धडधड कळते. सुटताना चालक हँडल एकेक खाच पुढे नेतो. अशा एकूण आठ खाचा, त्यांना नॉच म्हणतात. पहिल्या दोन-तीन नॉचला छपरातून काळाभोर धूर उसळतो. हा धूर यंत्र बिघडल्याचा नव्हे. सिलिंडरात जास्त तेल लगेच पोहोचते, पण जास्त हवा कोंबणारा टर्बोचार्जर एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि वेग घ्यायला त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्या सेकंदांत तेल अर्धवट जळते. टर्बोची शीळ चढली की धूर विरळ होतो आणि मागची गाडी हलू लागते. चालकाची खोली मात्र एकाच टोकाला. गाडी उलट बाजूने ओढायची झाली की समोर यंत्राचे लांबलचक खोके येते. त्याला लाँग हूड म्हणतात. चालकाला फक्त आपल्या बाजूच्या अरुंद पट्टीतून पुढचे दिसते, वळणावर पलीकडचा सिग्नल दिसतच नाही. मग सहायक आपल्या बाजूचा सिग्नल पाहून मोठ्याने पुकारतो आणि चालक तो पुकारून परत म्हणतो. यंत्राच्या आवाजात, उन्हात, शेकडो किलोमीटर. धुक्याच्या रात्री हे काम काय असेल याचा विचार प्रवाशांनी अवश्य करावा. पुढे जनरल मोटर्सच्या तंत्राची ताकदवान इंजिने आली तरी ही अडचण राहिलीच. दोन्ही टोकांना खोली असलेले डब्ल्यूडीपी-४डी येईपर्यंत तिला खरा उतारा मिळाला नाही.

इथे विजेच्या आणि डिझेलच्या कुळांतले एक नाते सांगतो, जे कोष्टकांत कधीच दिसत नाही. १९७० च्या सुमारास चित्तरंजनने ३,६४० अश्वशक्तीचे डब्ल्यूएएम-४ बांधले. त्याच्याखालच्या तीन आसांच्या बोग्या, म्हणजे चाकांचे सांगाडे, थेट डब्ल्यूडीएम-२ च्या घराण्यातल्या. देशभरच्या शेडमधल्या कामगारांना त्यांची निगा राखता येत होती, सुटे भाग मिळत होते. म्हणून हे इंजिन दिसायला साधे आणि धावायला खडबडीत असूनही सगळ्या देशाने सहज स्वीकारले. त्यातूनच पुढे मालगाड्यांचे डब्ल्यूएजी-५, डब्ल्यूएजी-७ आणि प्रवासी गाड्यांचे डब्ल्यूएपी-१, डब्ल्यूएपी-४ निघाले. या सर्वांत शक्ती वाढवायची ती ट्रान्सफॉर्मरच्या बत्तीस पायऱ्यांनी. चालकाच्या खोलीमागे टॅप चेंजर एकेक पायरी चढताना खट खट वाजतो आणि प्रत्येक पायरीला गाडीला हलका हिसका बसतो. उत्तर भारताच्या सपाटीवर लाखो प्रवासी ज्या गाड्यांत बसून मोठे झाले, त्यांतल्या पुष्कळ गाड्या डब्ल्यूएपी-४ ने ओढल्या आहेत.

१९९५-९६ मध्ये एबीबीची थ्री-फेज इंजिने आली आणि पकडीचा हिशेबच बदलला. आता मोटारीही एसीच्या, ब्रश नसलेल्या. त्यांना लागणारी वीज इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर क्षणाक्षणाला घडवतो. चाक घसरू लागले की संगणक त्या मोटारीचा जोर तेवढ्यापुरता कमी करतो आणि पकड परत येताच वाढवतो. तेवढ्याच वजनाचे इंजिन त्यामुळे ओल्या रुळावरही कितीतरी जास्त ओढते. उतारावर मोटारी जनित्र होतात आणि वीज तारेत परत पाठवतात. घाट उतरणाऱ्या गाडीची वीज चढणाऱ्या गाडीच्या कामी येऊ शकते. चित्तरंजनने १९९८ मध्ये स्वतःचे पहिले डब्ल्यूएजी-९ बांधले आणि २००० मध्ये त्यावरून डब्ल्यूएपी-७. डब्ल्यूएपी-७ आता डब्यांच्या दिव्यांना आणि वातानुकूलनाला लागणारी वीजही तारेतूनच पुरवते, त्यामुळे गाडीला जोडलेल्या जनरेटर व्हॅनचा गडगडाट आणि धूर थांबला. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे राजधानी एक्स्प्रेस सुरू झाली, आणि तिच्या दोन्ही टोकांना डब्ल्यूएपी-७ लावून थळघाटात बँकर जोडण्याचा वेळ वाचवला गेला.

हेच थ्री-फेज तंत्र डिझेलमध्ये जनरल मोटर्सच्या चार हजार अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीजी-४ ने आणले. त्याचे पहिले घर हुबळीचे शेड. कॅसलरॉक ते कुळे हा गोव्यात उतरणारा ब्रागांझा घाटही एकास सदतीसचा. दूधसागरच्या धबधब्याखालून जाणाऱ्या त्या मार्गावर या इंजिनांनी आपली किंमत सिद्ध केली. कोकण रेल्वेचेही तसेच. १९९८ मध्ये पूर्ण झालेला तो मार्ग जवळजवळ पाव शतक डिझेलवर चालला. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, त्यात एकामागून एक डिझेल गाड्यांचा धूर. हवा खेळती ठेवण्यासाठी तिथे यंत्रणा बसवावी लागली. २०२२ मध्ये रोह्यापासून ठोकूरपर्यंत तार पूर्ण झाली, तेव्हा बोगद्यांतल्या गँगमनला सर्वांत आधी फरक कळला असेल.

लहान रुळांची इंजिने या पुस्तकात थोडक्यातच आली आहेत. मीटरगेजचे वायडीएम-४ हे अल्कोच्याच कुळातले धाकटे भावंड. नेरळ-माथेरानच्या दोन फुटी मार्गासाठी १९५० च्या दशकात जर्मनीहून आलेली एनडीएम-१ आणि विदर्भातल्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीला वाफेच्या जागी मिळालेले डिझेल इंजिन, या दोघांवर स्वतंत्र पुस्तके व्हायला हवीत. इथे त्यांना न्याय देणे जमले नसते.

गेल्या काही वर्षांत चित्र झपाट्याने पालटले आहे. बिहारमधल्या मधेपुरात फ्रान्सच्या अल्स्टॉमच्या भागीदारीत १२,००० अश्वशक्तीचे, दोन भागांचे डब्ल्यूएजी-१२बी तयार होते. त्याची निगा राखणाऱ्या दोन डेपोंपैकी एक नागपूरला आहे. गुजरातमधल्या दाहोदला सीमेन्सच्या साथीने ९,००० अश्वशक्तीचे इंजिन २०२५ मध्ये बाहेर पडले. दुसरीकडे ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातला ‘डिझेल’ हा शब्द २०२० मध्ये गेला आणि तिथे आता मुख्यतः विजेची इंजिने बनतात. याच काळात बिहारच्या मढौऱ्यात नवी, ताकदवान डिझेल इंजिनेही बांधली गेली. तार तुटली, पूर आला, अपघात झाला, सीमेवर गाडी न्यायची वेळ आली, तर डिझेल लागतेच. तरी आयुष्य उरलेली शेकडो डिझेल इंजिने शेडमध्ये उभी राहिली, हेही खरे. विद्युतीकरणाचा वेग मला मनापासून योग्य वाटतो. डिझेलवर केलेली गुंतवणूक आणि ती इंजिने दुरुस्त करणाऱ्या हातांचे कौशल्य यांचे नियोजन मात्र त्याच वेगाने व्हायला हवे होते, हेही मी तितक्याच मनापासून म्हणतो. अल्कोचे यंत्र आवाजावरून ओळखणारे मेकॅनिक निवृत्त होत आहेत. त्यांचे ज्ञान कागदावर उतरवून घेण्याचे काम फार थोड्या ठिकाणी चालले आहे.

पुढची प्रकरणे वर्गांच्या क्रमाने नसून मार्गांच्या क्रमाने लावली आहेत. आधी सह्याद्रीचे घाट, मग पूर्वेकडचे खनिजाचे मार्ग, मग दिल्ली-हावडा आणि दिल्ली-मुंबई, शेवटी कोकण आणि लहान रूळ. एकच वर्ग दोन-तीन प्रकरणांत भेटेल, कारण एकाच इंजिनाचे वेगवेगळ्या मुलखांतले वागणे वेगळे असते. अश्वशक्तीचे आकडे जनित्राला मिळणाऱ्या एकूण शक्तीचे आहेत की प्रत्यक्ष रुळावरचे, हे जिथे महत्त्वाचे आहे तिथे नोंदवले आहे. रेल्वेचे स्वतःचे कागद या दोन आकड्यांत नेहमी फरक करत नाहीत. वाचकांपैकी ज्यांना दांड्यांचे जुने इंजिन प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचे डब्ल्यूसीजी-१ पाहावे. मुंबईकरांना तेवढे दूर जायची गरज नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात त्याच वर्गाचे एक इंजिन आहे. मोटारीपासून चाकांपर्यंत गती कशी जाते हे बाहेरून बोट ठेवत ठेवत समजून घेता येते, आणि दुसरे प्रकरण वाचण्याआधी ते पाहिलेले असले तर बरे.